अष्टमीला होता

आमच्या घरात अष्टमी हा शब्द पंचांगातला कमी आणि पत्त्यातला जास्त होता. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की पलीकडे जी वस्ती लागते, ती अष्टमी. नाना, म्हणजे माझे वडील, रोह्याच्या हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायचे. परवडेल अशी जागा पुलापलीकडे मिळाली, म्हणून आम्ही अष्टमीकर झालो. आमच्याकडे माणूस रोह्याला जातो, पेणला जातो, खांबला जातो, तसाच तो अष्टमीला राहतो. 'अष्टमीत' किंवा 'अष्टमी गावात' असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पंचांगातल्या अष्टम्यांपैकी गोकुळाष्टमी आणि दुर्गाष्टमी या दोनच आमच्या कामाच्या, आणि त्यांना त्यांची पूर्ण नावं होती. त्यामुळे या शब्दात काही घोटाळा आहे हे त्यातच राहणाऱ्या आम्हाला कधी जाणवलं नाही.

आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. ती माझ्या पेणच्या घरी गेली, शांतपणे, दुपारच्या झोपेत. भेटायला आलेल्यांनी तिच्या बिरड्याची आठवण काढली, तिच्या पाठांतराची, तिच्या तिखट जिभेची. पेणच्या कोर्टात तिनं एकदा साक्ष दिली होती, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही. ज्यांना माहीत होती त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, आणि जी एकदोन आहेत त्यांनी बहुधा मुद्दाम काढली नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावत आले. आता सकाळी थोडं लिहिते, थांबते, तेच वाक्य पुन्हा वाचते. घाई कशाचीच नाही.

अष्टमीचं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे एक पडवी. मागच्या अंगाला भाताची गिरण होती. ती सुरू झाली की भिंतीवरचा आरसा बारीक थरथरायचा, आणि बंद झाली की कान एकदम रिकामे व्हायचे. मग नदीकडून धुणं आपटल्याचे आवाज आणि पुलावरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू यायचा. गिरणीतला कोंडा उन्हात तरंगत आमच्या पडवीत उतरायचा. नाना तो पुस्तकांवरून फडक्याने झटकत आणि म्हणत, "या घरात लक्ष्मी धुळीच्या रूपाने येते." शेजारी जैनबआपा राहायच्या. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक झरोका. त्यातून वाटी इकडची तिकडे जायची. आई संध्याकाळी मोड आलेले वाल सोलत बसली की आपा झरोक्यातून विचारायच्या, "बिरडं का गो?" आई म्हणायची, "वास तरी येऊ दे आधी." बिरड्यात ती नारळाचं दूध घालायची आणि शेवटी गुळाचा एक खडा. मी तीच मापं, तेच वाल, तोच गूळ घेऊन कितीदा करून पाहिलं. माझं बिरडं चांगलं होतं. तिच्यासारखं होत नाही.

आमची थोडी जमीन होती, पेणच्या पलीकडे, धरमतर खाडीच्या काठाला. आजोबांकडून आलेली. आम्ही ती जमीन फारशी पाहिलीच नव्हती. ती खारी होती, म्हणजे खाडीपासून बांध घालून राखलेलं भाताचं शेत. बांधाच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी. मध्ये फक्त माणसाने रचलेली माती. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात लाकडी झडपेची एक वाट ठेवलेली असते, तिला उघाडी म्हणतात, आणि ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी मासे सापडतात. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी एकदा शेतात बसलं, की पुढची काही वर्षं ती जमीन भात धरत नाही.

ही जमीन बाळारामचे वडील कसायचे, ते गेल्यावर बाळाराम कसू लागला. दर वर्षी झोडणी झाली की मालकाच्या वाट्याचं भात आमच्याकडे यायचं. त्याला खंड म्हणायचे. नाना गमतीने म्हणत, आपल्या भागात खंड आणि खांड यांत फक्त एका कान्याचं अंतर आहे. खंडाची पावती मात्र कधी दिली जात नसे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. सातबाऱ्यावर जमीन कोण कसतो त्या रकान्यात 'खुद्द' असं लिहिलेलं होतं, म्हणजे आम्ही स्वतः. मराठी आणि संस्कृत शिकवणारे नाना, ज्यांच्या हाताला खडूखेरीज दुसरी माती कधी लागली नाही, ते सरकारदरबारी खुद्द शेतकरी होते. बाळारामच्या वडिलांनी मरण्यापूर्वी, आपण या जमिनीचे कूळ आहोत म्हणून तहसिलीत अर्ज केला होता. कूळ ठरलं की जमीन कसणाऱ्याची होते. पण पुरावा काय, असं विचारल्यावर त्यांच्याकडे दाखवायला हातांशिवाय काही नव्हतं. अर्ज तहसिलीत पडून राहिला आणि भात आमच्याकडे येत राहिलं. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, असं दोन्ही घरांत कुणाला वाटत नव्हतं.

खंड आला की आमच्याकडे एक रीत होती. त्या भाताचे तांदूळ लगेच गिरणीतून काढून आणायचे, त्याच दिवशी शिजवायचे, आणि पहिलं पान, ज्याने भात आणलं त्याला वाढायचं. नाना त्याच्यानंतर जेवत. ही रीत आईच्या सासूची, आईने ती पुढे चालवली. नव्या तांदळाचा भात जरा चिकट होतो, पण त्याचा वास असा असतो की वरण नको, तूप नको.

त्या वर्षी बाळाराम पौषात आला. एसटीच्या टपावरून पोती उतरवली, आणि हातातल्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेला एक जिताडा मासा. खारीतल्या तळ्यात वाढलेला, हातभर लांब, अजून चकचकीत. पेणकडच्या माणसाला जिताडा काय असतो ते सांगावं लागत नाही; जावयालासुद्धा तो दर वेळी मिळतोच असं नाही. आईने पान उलगडलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाळाराम, आज पौर्णिमा."

"पुनव हाय का?"

"तू बांधावर राहणारा. तुला पौर्णिमा मी सांगायची?"

"पान्याची पुनव म्हाईत हाय, वयनी. चुलीची पुनव कोनाच्या ध्यानात ऱ्हाते?"

"आता मी काय करू याचं? नुसता बघत बसू?"

"बघा नी. बघन्यासारखाच हाय."

आई पौर्णिमा कडक पाळायची, त्या दिवशी आमच्या चुलीवर मासे चढत नसत. जिताडा झरोक्यातून जैनबआपांकडे गेला. आपांनी तो घेताना "हाय हाय, केवढा हा" असं जे म्हटलं, ते आईच्या जिव्हारी लागलं. बाळाराम पडवीत जेवायला बसला. नवा भात, वालाचं बिरडं, पापड. गिरण दुपारची बंद झाली होती. तो मान खाली घालून जेवायचा, मध्येच थांबून काहीतरी बोलायचा. "आता तिकडं भरती आसंल," तो म्हणाला. "आजचा पानी मोठा. चुलतभावाला बोल्लोय बांधावर नजर ठेव." आईने त्याला तिसऱ्यांदा भात वाढला. तो नको म्हणाला, पण हात मात्र आडवा धरला नाही.

तो जेवत होता त्याच भरतीला तिकडे बांधाला खांड गेली. पौर्णिमेला आमच्या खाडीला भर दुपारी पाणी चढतं. बाजूची खारी हिरू पाटलांची; त्यांचं भात झोडायचं राहिलं होतं, भाऱ्यांच्या उडव्या शेतातच रचलेल्या होत्या, त्या खाऱ्या पाण्यात बसल्या. हिरू पाटलांचं आणि बाळारामचं उघाडीवरच्या माशांवरून आधी वाजलेलं होतं. त्यांनी फिर्याद दिली, की बाळारामला फावड्याने बांध कापताना आम्ही लांबून पाहिलं. बांधावर जाणारा प्रत्येक माणूस हातात फावडं घेऊनच जातो, आणि लांबून दिसणारा प्रत्येक माणूस उन्हात सारखाच दिसतो. पण बांधाची एक गोष्ट वाईट आहे. तो फावड्याने फुटला की खेकड्यांच्या बिळांनी, हे फक्त बांधच सांगू शकतो, आणि फुटताना तो स्वतःलाच वाहून नेतो. पोलीस पोचले तेव्हा तिथे पाण्याखेरीज काही नव्हतं. पंचनाम्यात पाणी लिहिलं गेलं.

बाळारामला पकडलं. तू त्या वेळी कुठे होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मालकांकडं, अष्टमीला." तपासावरचे हवालदार घाटावरून नव्याने बदलून आलेले. आई तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेणला मावशीकडे होती, ती तिथे आहे असं कळून ते तिथेच आले. मावशीच्या ओटीवर, तिळगुळाची वाटी मांडीवर घेऊन, आईने सांगितलं, "बाळाराम आला होता ना. अष्टमीला होता आमच्या घरी. जेवून गेला." हवालदारांनी लिहिलं, वाचून दाखवलं. आई म्हणाली बरोबर आहे. हवालदारांना तिळगूळ दिला. तेव्हा मनापासून सगळ्यांना वाटलं की काम झालं.

मध्ये एक पावसाळा गेला. बाळाराम जामिनावर होता. मग एके दिवशी भाऊकाका आले. भाऊकाका म्हणजे नानांचे चुलतभाऊ, पेणला वकिली करायचे. आमच्या जमिनीचं तहसिलीतलं काम तेच बघत. आईला साक्षीचं समन्स आलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे ते सरकारी बाजूने आलं होतं, बाळारामच्या विरुद्ध. हे कसं, ते पाहायला भाऊकाकांनी जबाबाची नक्कल मिळवून आणली होती. पडवीतल्या खुर्चीत बसून त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि ते मोठ्याने हसले. हसता हसता खोकले. आईने पाणी आणून दिलं.

"वहिनी, तुम्ही पौर्णिमेच्या आठ दिवस आधी नेऊन ठेवलंत त्याला."

"मी? मी कुठे?"

"ही बघा. 'बाळाराम हा अष्टमीला आमच्या घरी होता.' ही अष्टमी त्यांनी तिथी धरली. शुद्ध अष्टमी. गुन्हा पौर्णिमेला. म्हणजे त्या दिवशी तो तुमच्याकडे नव्हता, हे सांगायला त्यांनी तुम्हालाच बोलावलंय. आणि हा गाढव बाळाराम, त्यानेही तेच सांगितलंय. त्याला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला असेल, व्हय, बरोबर हाय."

आईलाही हसू आलं. "मग सांगा की त्यांना, अष्टमी गाव आहे म्हणून."

भाऊकाकांचं हसणं थांबलं होतं. त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, आणि नानांकडे पाहिलं. ते दोघं एकमेकांकडे पाहत होते आणि आई त्या दोघांकडे. गिरण चालू होती. भाऊकाका बोलले ते जरा आवाज चढवून बोलावं लागलं, म्हणून मला आत ऐकू आलं.

"वहिनी, तो आला होता कशाला? खंड घेऊन. ते कोर्टात आलं, की तीच साक्ष उचलून तो तहसिलीत नेणार. आजवर पुरावा नव्हता, तो तुम्ही द्याल. मग जमीन गेली म्हणून समजा."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"अजिबात नाही. खोटं कशाला? अष्टमीला होता का, विचारतील. होता, म्हणा. शब्द तुमचाच आहे आणि खरा आहे. एवढंच बोला आणि खाली उतरा."

आई नानांकडे वळली. "अहो, तुम्ही काय म्हणता?"

नाना म्हणाले, "शब्दाचा अर्थ लावणं हे साक्षीदाराचं काम नाही." व्याकरणाचा एखादा नियम सांगावा तसं ते म्हणाले, पण म्हणताना पुस्तकांवर नसलेला कोंडा झटकत होते. नानांना मी दोष देत नाही. त्या पगारात आम्हा मुलांची शिक्षणं, आजारपणं, आणि आधाराला म्हणून कुठेतरी जमीन आहे ही एक समजूत. ती समजूत जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. आज मला ते कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की आई त्या दिवशी बिरड्यात गूळ घालायचा विसरली आणि नानांनी ते न बोलता खाल्लं.

त्यानंतर काही दिवसांनी बाळारामची आई, चांगूबाई, आली. पडवीच्या पायरीवर बसली, वर आली नाही. आईने चहा दिला. चांगूबाईने आधी रोह्याच्या बाजारातल्या सुक्या माशांना नावं ठेवली, मग एसटीच्या कंडक्टरला, आणि मग एकदम म्हणाली, "वयनी, तुमी मास्तरीनबाय. आमच्या पोरानं तुमच्या घरी खाल्ला, नी त्यो कागदावर आठ दिवस आधी पचला. ह्या कंचा हिशोब गो?"

"मी तसं सांगितलं नाही, चांगूबाई."

"सांगितला नाय तुमी. मना म्हाईत हाय. पन लिवला तर तसाच हाय ना." ती उठली. आतल्या चुलीच्या दिशेने बघून म्हणाली, "बिरडं खमंग झालंय, वास येतो." मागायला आली नव्हती, आणि न मागताच गेली. आई पायरीवरचा तिचा कप बराच वेळ उचलत नव्हती.

साक्षीच्या दिवशी मी आईबरोबर पेणला गेले. कोर्टात माणसं कमी, पंख्याचा आवाज जास्त. नाना आणि भाऊकाका मागच्या बाकावर. बाळाराम एका बाजूला उभा, इस्त्री केलेला शर्ट घालून. तो शर्ट त्याचा नसावा, खांद्याला मोठा होता. त्याचा वकील पनवेलहून नवीन आलेला एक तरुण. मला नंतर कळलं, की बाळाराम त्याला सारखा सांगत होता, पुनवेला मी अष्टमीला व्हतो, आणि तो वकील, अशील खुळं आहे अशी समजूत करून गप्प बसला होता.

सरकारी वकील वयस्कर आणि सौम्य होते. त्यांनी आईला नाव विचारलं, आणि मग, "आरोपी अष्टमीला तुमच्या घरी आला होता?"

"होय."

"जेवला?"

"होय."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि बसले. एवढंच होतं. आई खाली उतरायला वळलीसुद्धा. मी मागे पाहिलं. भाऊकाकांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

तो तरुण वकील उठला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून की काय, त्याने विचारलं, "मग बाई, पौर्णिमेला, म्हणजे खांड गेली त्या दिवशी, आरोपी कुठे होता?"

आई म्हणाली, "अष्टमीला."

कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "बाई, नीट ऐका. पौर्णिमेला कुठे होता असं विचारलंय. पौर्णिमा आणि अष्टमी एका दिवशी कशा येतील?"

"येतात, साहेब," आई म्हणाली. "आम्ही अष्टमीला राहतो. रोह्याचा पूल ओलांडला की."

पंखा फिरत होता. मग कोर्टातले शिपाई, कारकून, सगळे स्थानिक लोक एकदम हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत; त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढून वाचला, आणि मग त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला. "पण पौर्णिमाच होती हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"त्याने जिताडा आणला होता, साहेब. हातभर. आणि मी पौर्णिमा पाळते. शेजारी देऊन टाकावा लागला. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही."

या वेळी मॅजिस्ट्रेट हसले. बाळारामच्या वकिलाच्या चेहऱ्यावर, आपल्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं, असा भाव आला. पण सरकारी वकील पुन्हा उठले. त्यांचं काम त्यांना करायलाच हवं होतं. धरमतरचा माणूस एवढ्या लांब अष्टमीला येईल कशाला, हे त्यांना उकरून काढायचं होतं.

"कशासाठी आला होता तो तुमच्याकडे?"

"भात घेऊन."

"कसलं भात? तुम्ही विकत घेतलं होतं?"

त्यांनी प्रश्नातच उत्तर देऊन ठेवलं होतं. आईने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर बाळाराम सुटला असता आणि आमची जमीनही राहिली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं. आई नानांकडे बघत नव्हती. मी बघितलं, नाना पुढे झुकले होते, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय की नाही ते बघताना झुकत तसे.

"नाही," आई म्हणाली. "विकत नाही. खंडाचं. आमची जमीन ते कसतात, त्याचा खंड. त्याचे वडील होते तेव्हा ते आणायचे."

कारकुनाने लिहिलं. भाऊकाकांनी डोळे मिटले.

परतीच्या एसटीत आई आणि मी एका बाकावर, नाना पुढच्या. नागोठण्याला नानांनी खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, पुडी मागे दिली आणि समोर बघत म्हणाले, "भाऊ म्हणतो, तुझी साक्ष मला बंधनकारक नाही. मालक मी आहे. तहसिलीत मला विचारतील, तेव्हा मला काही माहीत नाही म्हणायचं."

आई म्हणाली, "मग म्हणा." आणि शेंगा सोलून मला देत राहिली.

तहसिलीत नाना एकटेच गेले. संध्याकाळी आले, टोपी काढली, पाय धुतले. आईने न विचारता तेच म्हणाले, "विचारलं, भात येत होतं का. म्हटलं, येत होतं. दर वर्षी नव्या तांदळाचं पहिलं पान त्याचं असायचं." मग थोडं थांबून, "हे पानाचं त्यांनी विचारलं नव्हतं." असं म्हणून ते आत गेले. भाऊकाका त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

बाळाराम सुटला. निकालात तो निर्दोष असं नव्हतं, शंकेचा फायदा असं होतं. बांध कुणी कापला की आपोआप गेला हेच सिद्ध होत नाही, असं मॅजिस्ट्रेटनी लिहिलं. चांगूबाईला हे पटलं नाही. "सोडला तो सोडला, नी वर शंका ठेवली," असं ती येईल त्याला सांगायची. गावातल्या पोरांनी बाळारामचं नावच शंकाशेठ पाडलं. पुढे तो ग्रामपंचायतीत निवडून आला तेव्हाही ते नाव त्याच्यामागे होतं, आणि तो त्याला ओ द्यायचा. बांध खरा कसा फुटला ते अजून कुणाला माहीत नाही. हिरू पाटलांनी शपथेवर खोटं सांगितलं, असंही मला म्हणवत नाही. ज्याचं वर्षभराचं भात पाण्यात बसलं, त्याला लांबच्या उन्हात जो दिसायला हवा तोच दिसला असेल.

जमीन बाळारामच्या नावावर झाली. आज तिथून थोड्या अंतरावर बार्जेस लागतात, रात्रंदिवस कोळसा उतरतो, आणि त्या पट्ट्याला असा भाव आला आहे की आमच्या नातलगांत कुठल्याही लग्नात कुणीतरी ते आकडे बोलून दाखवतं आणि माझ्याकडे बघून गप्प होतं. मी अधूनमधून एसटीने तिकडून जाते. बांध आहे, बाळारामचे नातू तो राखतात. पलीकडे बऱ्याच खारी सोडून दिलेल्या. त्यांत आता कांदळवन उभं आहे आणि सातबारे मात्र अजून भातशेतीचे.

आईला हे मी एकदा विचारलं. नाना जाऊन खूप वर्षं झाली होती, ती माझ्याकडे राहायला आली होती, आणि आम्ही दोघी सकाळच्या उन्हात बसलो होतो. मी म्हटलं, सरकारी वकिलाने भात कसलं ते विचारलंच नसतं, तर?

"तर सांगितलं नसतं," ती लगेच म्हणाली. "मी कशाला सांगायला जाते? जमीन काय मला नको होती?"

"पण विकत म्हणता आलं असतं. तो तर तुला तेच सुचवत होता."

"आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं गो." ती उन्हाकडे पाठ करून बसली. मला वाटलं विषय संपला.

"बाळाराम तिथे उभा होता बघ," ती म्हणाली. "तोपर्यंत माझ्याकडे बघत होता. विकत का, असं त्यांनी विचारलं आणि त्याने मान खाली घातली. त्याला वाटलं, मी आता हो म्हणणार. त्याने ते गृहीतच धरलं होतं. त्याचा मला असा राग आला."